शब्दकोशात सरळ अर्थ असलेला शब्द माणसाला एवढा का लागतो?

मुलुंडची_मैना

आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांचे नवीन पास काढायचे ठरलेत, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. इंग्रजीत कमिटीने पटकन "डेली हेल्प" टाकून मोकळं केलं, गेटवरच्या ॲपमध्ये तेच आहे म्हणून. मराठीचं काम माझ्याकडे आलं कारण कमिटीत मराठी मी एकटीच (हो, मुलुंडमध्ये सुद्धा). एका ज्येष्ठ सभासदांनी "मोलकरीण" सुचवलं, सॅम्पल छापूनही आलं, आणि आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींनी ते वाचून सरळ सांगितलं की हे मी गळ्यात घालणार नाय, बाई लिवा, मावशी लिवा, कायपण लिवा, हे नको.

मग मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. मोल म्हणजे किंमत, मजुरी, आणि मोलाने काम करते ती मोलकरीण. म्हणजे बघायला गेलं तर किती स्वच्छ शब्द आहे, ही फुकट राबत नाही, कोणाची बांधील नाही, दाम घेते आणि काम करते, मीसुद्धा रोज बीकेसीला जाऊन तेच करते की! आणि त्यांना जो "बाई" चालतो त्याचं काय सांगावं, शाळेत आम्ही ज्यांना टरकून असायचो त्या बाई, "आज आमची बाई आली नाही" मधली पण बाई, आणि "त्याने बाई ठेवलीय" म्हटलं की तिसरंच.

तर कोशातला अर्थ आणि तो ऐकून पोटात जे होतं ते इतकं वेगळं कसं काय होतं, आणि ते ठरवतं कोण? तुमच्याकडची उदाहरणं द्या. पासवर काय लिहू तेही सांगा, पण नुसतं "भगिनी" वगैरे सांगू नका प्लीज.

गिरगावचे_मास्तर

मैनाताई, तुम्ही विचारलंय ते आपल्याकडे हजार-बाराशे वर्षं चघळून झालंय. नवव्या शतकात काश्मीरात आनंदवर्धन होऊन गेला, त्याचा ध्वन्यालोक सगळा यावरच उभा आहे. शब्दाच्या तीन शक्ती मानतात, अभिधा म्हणजे कोशातला अर्थ, तो जुळत नसेल तर शेजारचा अर्थ घ्यायचा ती लक्षणा, आणि या दोन्ही झाल्यावर मनात जे उमटतं ती व्यंजना. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणजे "गंगायां घोषः", गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. आता पाण्यावर वस्ती कशी असेल, म्हणून काठावर असं समजायचं, ही लक्षणा. पण मग सरळ "काठावर" का नाही म्हटलं? तर गंगा म्हटल्याबरोबर जो गारवा आणि पावित्र्य येतं ते "काठ" या शब्दाने येत नाही, ती व्यंजना.

तुमच्या "ठरवतं कोण"चं उत्तर मम्मटाने काव्यप्रकाशात दिलंय. हा सूचित अर्थ कशाकशावर अवलंबून असतो त्याची त्याने यादीच केलीय, त्यात पहिलं येतं बोलणारा कोण, मग ज्याला उद्देशून बोललं तो कोण, मग आवाजातला हेलकावा (त्याला काकु म्हणतात), पुढे प्रसंग, जागा, वेळ वगैरे. त्याचंच उदाहरण, "सूर्य मावळला". वाक्य एकच, पण गुराख्याला ऐकू येतं की गुरं घरी न्या, दुकानदाराला ऐकू येतं की माल आवरा, आणि जिचा माणूस यायचाय तिला अजून काहीतरी.

तुमचे ज्येष्ठ सभासद अभिधेत बोलत होते, मावशींनी व्यंजना ऐकली. आणि ऐकणाऱ्याला बाजूला ठेवून अर्थ ठरवता येत नाही असं शास्त्रच सांगतंय, माझं मत नाही हे.

सेंट्रलवाला

मास्तर एक नंबर. मुंबई व्हर्जन: "८:५२ गेली." बायकोने म्हटलं तर टोमणा, बॉसला मेसेज केला तर एक्स्क्यूज, आणि ठाण्याला फूटब्रिजवर शेजारच्या अनोळखी माणसाने म्हटलं की आपला जिगरी दोस्त वाटतो तो.

(मास्तर म्हटलेलं चालतं ना? की सर?)

गिरगावचे_मास्तर

मास्तरच बरं. सर काय, आता कोणालाही म्हणतात, लोन विकणारी पोरं पण फोनवर सरच म्हणतात. मास्तर म्हटलं की फार तर कोणी कपडे शिवायला आणून देईल.

लालबागकर

मैनाताई, तुमच्या मावशी कुठून येतात, त्यांच्या घरी आधीच्या पिढीत कोण काय करत होतं ते एकदा विचारून बघा. माझा अंदाज सांगतो, चुकीचाही असेल.

माझे वडील मिलमध्ये बदली होते. आता "बदली" म्हटलं की सरकारी नोकरीवाल्याला वाटतं ट्रान्सफर, नाशिकला झाली, नागपूरला झाली, काय तो वैताग आणि मुलांच्या शाळेचं टेन्शन. आमच्याकडे बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, पर्मनंट कामगार कोणी आला नसेल तर आत घेणार, नाहीतर डबा घेऊन परत घरी. त्यामुळे "बदली" या शब्दात आमच्यासाठी नोकरीच नव्हती, फक्त वाट बघणं होतं. माझी आई आजपण बातम्यांत "अधिकाऱ्यांची बदली" ऐकलं की "बिचारे" म्हणते, तिला माहितीय हे वेगळं आहे तरी म्हणते.

तसंच "संप". कोशात काय, काम बंद ठेवणे. रिक्षाचा संप, बँकेचा संप, दोन दिवसांची गंमत. लालबाग-परळात कोणी नुसतं "संपात" म्हटलं ना, तर कुठल्या असं विचारायचं नसतं, १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास माणूस बाहेर पडला आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, नुसता विरत गेला. "संपात गावाला गेले", "संपात दागिने गेले", "संपात शाळा सुटली", एवढ्यावर वाक्य संपतं आणि समोरचा मान हलवतो.

आणि सगळ्यात भारी तर "नारळ". शुभकार्याला फळ म्हणून काय देतात, नारळ. आणि कामावरून काढलं तर काय दिला, नारळ! या शब्दाचा अर्थ कोशात बघून नोकरी करणाऱ्याचं काय होईल विचार करा.

मुद्दा असा की संपानंतर आमच्या चाळीतल्या कितीतरी बायका घरकामाला लागल्या. नवरा मिलमध्ये असताना त्या कोणाच्या होत्या, तर "कामगाराच्या घरातल्या". कामगार या शब्दाला या शहरात युनियन आहे, मोर्चा आहे, लाल झेंडा आहे, गणपती आहे. मोलकरीण या शब्दाला काय आहे, मागचा दरवाजा आणि वेगळा कप. पैसे दोन्हीकडे मोलानेच मिळतात ना? मग पासवर "घरकामगार" लिहा की. कायद्यात पण कामगारच आहे, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. "घरेलू" जरा हिंदी वाटतं, ते तुम्ही बघा.

दादरची_खडूस

वाचतेय सगळं, छान चाललंय, पण एक सांगू का. पासवर घरकामगार लिहा, गृहसहायिका लिहा, महाराणी लिहा, त्या बाईला तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्या लिफ्टने जावं लागतं ते आधी सांगा. आमच्या इकडच्या एका टॉवरमध्ये वेगळी लिफ्ट आहे, दारावर आधी "सर्व्हंट" होतं, मग तक्रार झाली म्हणून "सर्व्हिस" केलं. मला कळत नाही कोणाला काय फरक पडला, बाकी कचऱ्याचे डबेपण त्याच लिफ्टने जातात.

हे नेहमीचंच आहे, माणसाला वागवायचं तसंच ठेवायचं आणि शब्दाला नवीन साडी नेसवायची. लंगडा-पांगळा वाईट वाटलं म्हणून अपंग, अपंग नको म्हणून विकलांग, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये दिव्यांग सुचवलं तर लगेच सगळ्या पाट्या बदलल्या. लोकलच्या डब्यात जाऊन बघा, दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट लोक अजूनही घुसतातच. माझा भाऊ क्रचेस वापरतो, तो म्हणतो मला दिव्य काही नकोय, मला प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधली गॅप कमी करून दे. अपंग संघटनांपैकी बऱ्याच जणांनी तेव्हाच विरोध केला होता या शब्दाला, पण ऐकतो कोण.

दुसरं, "गं. भा." आठवतं का? २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवा ऐवजी "गंगा भागीरथी" वापरायचा विचार करा असं खात्याला लिहिलं आणि राज्यभर आरडाओरडा झाला, मग म्हणाले निर्णय नाही, नुसती चर्चा करायला सांगितली. आता अर्थ बघा, गंगा काय भागीरथी काय, नदी, पवित्र, मघाशी मास्तरांनी सांगितला तो सगळा गारवा त्यात आहे. पण लग्नपत्रिकेत ज्या बाईच्या नावामागे इतकी वर्षं ते दोन टिंबवाले अक्षर लागलं आणि जिला स्टेजवर हळदीकुंकवाला बोलावलं नाही तिला त्यात गारवा कुठून येणार? त्यापेक्षा हेरवाडच्या लोकांनी केलं ते बरं, कोल्हापुरातलं गाव, २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. शब्दाच्या भानगडीत पडलेच नाहीत.

वरळी_सीफेस_मागे

खडूसताई, लिफ्टबद्दल शंभर टक्के. पण "शब्द बदलून काही होत नाही" इथे माझं पटत नाही, कारण तुमची दोन्ही उदाहरणं वरून दिलेल्या शब्दांची आहेत.

"हरिजन" घ्या. हरीची माणसं, यापेक्षा चांगला शब्दार्थ कुठे मिळेल? आणि आमच्या घरात तो उच्चारलेला चालत नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका बिलात तो शब्द आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले होते. ज्यांच्यासाठी शब्द आहे त्यांना विचारलंच नव्हतं, आणि देवाची माणसं म्हणायचं पण देवळाचं काय ते नंतर बघू, असा तो कारभार.

आता "दलित". धातूचा अर्थ काय, दळलेला, तुडवलेला, भरडलेला. कोशाने बघाल तर हा अपमान व्हायला पाहिजे. १९७२ मध्ये याच मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी आपल्या पँथर संघटनेच्या नावात तोच शब्द लावला आणि तो छाती काढून म्हणायचा शब्द झाला. तुडवलेला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणी तुडवलं? हरिजनमध्ये तो प्रश्न येतच नाही, सगळं गोड गोड. २०१८ मध्ये केंद्राने चॅनलवाल्यांना सूचना काढली की दलित वापरू नका, अनुसूचित जाती म्हणा, तर आमच्यातलेच कितीजण चिडले, कारण अनुसूचित म्हणजे नुसतं यादीत नाव आहे. (आमच्यातच काहींना दलित पण नको असतो, बौद्ध म्हणा म्हणतात, हेही खरंय, माझ्या काकांशी यावरून दर सहा डिसेंबरला वाद होतो.)

म्हणजे अर्थ वाईट असलेला शब्द स्वतः उचलला की अभिमान आणि अर्थ चांगला असलेला दुसऱ्याने चिकटवला की शिवी. मैनाताई, पासवर काय लिहायचं ते इथे आम्हाला कशाला विचारताय, मावशी आहेत ना समोर.

मुलुंडची_मैना

@वरळी, विचारलं होतं. चार जणींनी चार उत्तरं दिली. एक म्हणाली "मेड" लिहा, इंग्लिशमध्ये चांगलं दिसतं. दुसरी म्हणाली मेड काय, ते तर मॅडम लोक फोनवर एकमेकींना बोलतात, "माझी मेड पळाली". तिसरीला कामगार आवडलं पण तिला वाटलं त्याने पगाराचं काहीतरी होईल आणि कमिटी चिडेल. चौथी म्हणाली फोटो चांगला काढा आधी. @खडूसताई, लिफ्ट आमच्याकडे एकच आहे आणि ती पण बंद असते, त्यामुळे समानता आहे.

लॉजिकवाली

एक वेगळी बाजू टाकते. फ्रेगे म्हणून जर्मन गणिती होता, तर्कशास्त्रवाला. तो म्हणायचा की "कुत्रा" या अर्थाचे दोन शब्द घ्या, एक साधा आणि एक हिणवणारा, वाक्यात एकाच्या जागी दुसरा टाकला तरी वाक्य खरं आहे की खोटं ते बदलत नाही, बदलतो तो फक्त रंग. आणि रंग म्हणून त्याने तो विषय बाजूला ठेवून दिला, कारण त्याला खऱ्या-खोट्याशीच मतलब होता.

मला वाटतं तो मराठी असता तर त्याला असं बाजूला ठेवता आलं नसतं, कारण आपल्याकडे रंग व्याकरणातच बसलाय. नपुंसकलिंग बघा ना. कुत्रा, कुत्री, आणि "कुत्रं आलंय दारात". म्हातारा आणि "म्हातारं". "तो येडा आहे" यात भांडण आहे, "येडं आहे ते" म्हटलं की एकदम लाड. आणि तेच ते "कार्टं", "ध्यान", "सोंग". तो-ती-ते मधलं "ते" माणसाला लावलं की एकतर जीव तरी असतो नाहीतर पूर्ण तुच्छता, मधलं काहीच नाही, आणि कुठलं ते फक्त आवाजावरून कळतं. पोरगं आणि पोरटं यात एका अक्षराचा फरक, पण पोरटं म्हणणाऱ्याच्या हातात चप्पल असते.

आणि मास्तरांनी सांगितलेली काकु, तिच्यासाठी सर्वात भारी शब्द माझ्या मते "शहाणा". आजी म्हणते "शहाणं गं माझं बाळ ते" आणि बाबा म्हणतात "फार शहाणा झालायस". एकच शब्द, एकीकडे लाडू मिळतो, दुसरीकडे मोबाईल जप्त.

अंधेरीचा_घाटी

माझं नाव बघा. घाट म्हणजे डोंगरातली वाट, घाटावरून आलेला तो घाटी. यात शिवी कुठाय? आजोबा साताऱ्याहून आले, घाट उतरूनच आले ना, विमानाने थोडी आले. कोकणातले लोक आम्हाला घाटी म्हणायचे ते जरा चिडवाचिडवी, पण कॉलेजात बाकीच्यांनी "क्या घाटी है यार" सुरू केलं तेव्हा त्यात माझे आजोबा, माझी भाषा, माझा शर्ट, माझा डबा सगळं आलं आणि गंमत म्हणजे कोकणातला माझा मित्र पण त्यांच्या हिशोबात घाटीच. त्या दिवशी तो जाम हसला होता. म्हणून मी आयडीच घेतला हा. आता कोण काय बोलणार.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर "भैय्या"चं आपण काय केलं? शब्दाचा अर्थ भाऊ. मराठी माणूस मुंबईत तो कसा म्हणतो ते आपल्याला सगळ्यांना माहितीय.

गोरेगावची_सूनबाई

माझ्या जाऊबाई तमिळ आहेत, माटुंग्याच्या, मराठी छान बोलतात पण शिकताना त्यांची जी काय मजा झालीय ना. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या "अगं तुझी बांगडी वाढली वाटतं", तर त्या हाताकडे बघतच बसल्या, वाढली म्हणजे मोठी झाली? आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात, देवापुढे नारळ पण वाढवायचा, दुकान बंद करताना दुकान वाढवायचं. सगळं जिथे संपतं तिथे आपण वाढवतो. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. घरी माणूस जातो तेव्हा पण मेले कोणी म्हणत नाही, गेले, वारले, पेपरात देवाज्ञा. आणि सर्वात कमाल म्हणजे तो भयंकर रोग, त्याला आपण देवी म्हणायचो! म्हणजे घाबरायचं इतकं की नाव पण आदराचं.

त्यामुळे कोश घेऊन मराठी शिकणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात वेड लागणार हे नक्की. जाऊबाई आता सगळं बरोबर बोलतात, फक्त एकदा फोनचं बिल जास्त आलं तर म्हणाल्या "बिल वाढलं", आणि सासूबाईंनी विचारलं फाडलंस का.

कुडाळ_टू_कांदिवली

आमच्या मालवणीबद्दल कोणी बोललाच नाय अजून, म्हणून येतंय. "काय रे मेल्या, खंय होतंस?" मेलेला माणूस कुठे होता विचारतात म्हणजे विचार करा. आमची आये मला फोनवर मेल्या म्हणाली की मला कळतं सगळं ठीक आहे. ज्या दिवशी ती "बाळा" म्हणते त्या दिवशी माझ्या पोटात गोळा येतो, कारण काहीतरी झालेलं असतं किंवा पैसे हवे असतात. "तुका फटकी इली" हे पण प्रेमाने चालतं, फटकी म्हणजे कॉलरा बरं का.

प्रॉब्लेम होतो तो टाईप करताना. ऑफिसच्या ग्रुपवर एका नवीन मुलाने चांगलं प्रेझेंटेशन केलं म्हणून मी लिहिलं "मेल्या भारी केलंस", तो पुण्याचा, त्याने दोन तास रिप्लाय दिला नाही आणि मग लिहिलं "धन्यवाद सर". त्या "सर"मध्ये जे होतं ना ते मला बरोबर ऐकू आलं.

सेंट्रलवाला

@कुडाळ हाहाहा. टाईप करण्यावरून, "बरं" याचं काय करायचं ते कोणी सांगेल का? बायकोला विचारलं रात्री मित्रांबरोबर जाऊ का, तर नुसतं "बरं" आलंय. पुढे टिंब पण आहे.

दादरची_खडूस

टिंब आहे? घरी जा.